अन्न बिघडलं, हे कोण सांगणार?

फ्रीजमध्ये श्रीखंडाचा डबा आहे. झाकणावरची तारीख कालच उलटली. आज ते पानात वाढायचे की टाकून द्यायचे? या प्रश्नावर आमच्या घरांत सरळ दोन पक्ष पडतात. सुना-नातवंडे तारीख वाचतात; आजी झाकण उघडून वास घेतात. नातवंडांचे म्हणणे, छापले आहे ते खरे. आजींचे म्हणणे, छापणाऱ्याने आपला फ्रीज पाहिला आहे का? परवा दुपारभर वीज नव्हती, हे त्याला कुठे ठाऊक?

वाद गमतीचा आहे, पण त्यात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडला आहे. अन्न बिघडले, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? करणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की खाणाऱ्याचा? गेल्या दोनशे वर्षांत अन्न स्वयंपाकघरातून बाटलीत, डब्यात आणि पिशवीत गेले, तसा हा अधिकारही हातोहात फिरत गेला. शेवटी माणसांनी विचार केला, की वेष्टणालाच बोलते करता येईल का? त्या धडपडीची ही हकीकत.

नाकाचे राज्य

मराठीत अन्न बिघडण्याला एक शब्द पुरत नाही. दूध नासते, भाजी विटते, वरण आंबते, दाणे खवट होतात, शिळ्या अन्नाला तार सुटते, पिठाला जाळी धरते, भाकरीला बुरशी येते. (आम्ही वडोदऱ्याची माणसे दूध ‘फाटलं’ म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात, गुजरातीत दीडशे-दोनशे वर्षे राहिल्याची ही खूण.) यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक चाचणी आहे. आंबूसपणा नाकाला कळतो, खवटपणा जिभेला, तार बोटांना आणि बुरा डोळ्यांना. सकाळी दूध तापत ठेवणे हीसुद्धा चाचणीच. दुधात आंबटपणा वाढलेला असेल, तर ते उकळी येता येता फाटते.

हे राज्य सुखाने चालले, कारण करणारा आणि खाणारा एकाच छपराखाली होते आणि अन्न उघडून पाहता येत होते. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलेला असला, तरी तो सोडून आत डोकावता येई. अडचण सुरू झाली ती अन्न कायमचे बंद करण्याची विद्या सापडल्यावर.

बंद डबा आणि फुगलेले झाकण

पॅरिसच्या निकोला अपेर या मिठाईवाल्याने अनेक वर्षे खटपट करून एक रीत बसवली. जाड काचेच्या बाटलीत अन्न भरायचे, बूच घट्ट ठोकायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने ही रीत छापून सर्वांना खुली करण्याच्या अटीवर त्याला १२,००० फ्रँक दिले. अन्न का टिकते, हे मात्र त्याला सांगता येत नव्हते. जंतूंमुळे अन्न कुजते, हे पाश्चरने दाखवून द्यायला अजून अर्धे शतक होते. त्याच १८१० साली इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने कल्हईच्या पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले आणि १८१३ च्या सुमारास ब्रायन डॉन्किन व जॉन हॉल यांच्या लंडनमधील कारखान्यातून मांसाचे डबे ब्रिटिश नौदलाकडे जाऊ लागले.

आता प्रश्न असा, की बंद पत्र्याच्या आतले अन्न चांगले आहे, हे न उघडता कसे कळावे? डॉन्किनच्या कारखान्याने यावर साधा उपाय काढला. डबे पाठवण्यापूर्वी ते महिनाभर उबदार जागी ठेवायचे. आत काही जिवंत राहिले असेल, तर त्या उबेत ते वाढेल, वायू सुटेल आणि झाकण फुगेल. फुगलेला डबा बाजूला काढायचा. अन्न बिघडल्याची वर्दी देणारे पहिले वेष्टण ते हेच म्हणावे लागेल. कोणी मुद्दाम घडवले नव्हते, पण पत्र्याने साक्ष दिली होती.

साक्ष विचारली नाही, तर काय होते, हेही लवकरच दिसले. स्टीफन गोल्डनर नावाच्या ठेकेदाराने नौदलाला स्वस्तात मांसाचे डबे पुरवायला घेतले. त्याचा कारखाना तेव्हाच्या मोल्डाव्हियात, डॅन्यूब नदीवरच्या गलाट्स येथे होता. खर्च वाचावा म्हणून त्याने डबे फार मोठे केले. मोठ्या डब्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ दिला गेला नाही. जानेवारी १८५२ मध्ये गॉस्पोर्ट बंदरातल्या नौदलाच्या कोठारात तपासनीसांनी ३०६ डबे फोडले. त्यातले खाण्याजोगे निघाले फक्त ४२. दुर्गंधी इतकी होती, की काम मध्येच थांबवावे लागत होते. दर्यावर्दी माणसाने समुद्रात असा डबा उघडला, तर त्याला दुसरा डबा आणून देणारे तिथे कोणी नव्हते. विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नसला, की किंमत खाणारा मोजतो.

यामागचे शास्त्र १८९५ नंतर अमेरिकेत उलगडले. बोस्टनच्या तंत्रज्ञान संस्थेतील सॅम्युएल प्रेस्कॉट आणि डबे भरण्याच्या धंद्यातले विल्यम अंडरवूड यांनी मिळून फुगलेल्या डब्यांचा पिच्छा पुरवला. नुसत्या उकळीने न मरणारे जंतूंचे बीजाणू आत राहतात, हे त्यांनी दाखवले. किती उष्णता किती वेळ दिली म्हणजे डब्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचते, हे त्यांनी मोजले. आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये जे घडते, तेच कारखान्यात मोजूनमापून करायचे, हा त्याचा सारांश. उष्णता आणि वेळ ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तीच पुन्हा भेटणार आहे.

फुगलेले झाकण मात्र अपुरा साक्षीदार आहे. १९१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या काचबंद ऑलिव्ह फळांमुळे ठिकठिकाणी माणसे दगावली. कारण होते बॉटुलिनम जंतूचे विष. हे विष अन्नात असूनही कधी कधी रंग, वास, चव यांत काहीच फरक पडत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाने १९२५ मध्ये कारखान्यांवर तपासणीचा कायदा लागू केला. फुगलेला किंवा गळका डबा चाखूनही पाहू नये, हा नियम तेव्हापासूनचा. आज जॅम-लोणच्याच्या काचेच्या बरणीवर जे झाकण असते, त्याच्या मध्यावरची बटणासारखी जागा आत दबलेली असते. पहिल्यांदा उघडताना ती टक्‌ करून वर येते. विकत घेतानाच ती वर आलेली दिसली, तर आतली निर्वात पोकळी गेली, असे समजावे. फुगलेल्या डब्याचीच ही नातवंडे.

आणंदचे दूध

या गोष्टीचा एक धागा आमच्या अगदी जवळून जातो. वडोदऱ्यापासून आणंद जेमतेम ४० किलोमीटर. १९४५ मध्ये मुंबई सरकारने दूधयोजना सुरू केली आणि खेडा जिल्ह्यातले दूध आगगाडीने सव्वाचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊ लागले. खरेदीचा मक्ता एका खासगी डेअरीकडे होता. गावकरी दूध भांड्यांत घेऊन लांबून पायपीट करत येत. उन्हाळ्यात ते वाटेतच आंबे. मग दूध चांगले की वाईट, हे ठरवणार कोण? घेणारा. भाव ठरवणार कोण? तोही घेणारा. नासलेल्या दुधाचा तोटा मात्र गवळ्याचा.

१४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध उत्पादक सहकारी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल आणि पुढे १९४९ मध्ये आणंदला आलेले वर्गीस कुरियन यांची कथा सर्वांना माहीत आहे. आम्हाला इथे त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. गावातल्याच मंडळीत, सकाळ-संध्याकाळ, दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माप आणि स्निग्धांश पाहिला जाऊ लागला. परीक्षा तीच, पण आता ती उघड्यावर होती. विश्वास बसला तो तिथे.

दूध डेअरीत पोहोचल्यावर ते किती ताजे आहे, हे पाहण्याची एक चाचणी फार सुंदर आहे. नळीत १० मिलिलिटर दूध घेऊन त्यात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे १ मिलिलिटर द्रावण घालतात आणि नळी ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवतात. दुधातले जंतू प्राणवायू संपवत जातात, तसा निळा रंग उडत जातो. निळाई पाच तास टिकली, तर दूध फार चांगले. अर्ध्या तासातच दूध पांढरे झाले, तर वाईट. इथे कोणाच्या शब्दावर विसंबायचे नाही. रंग गेला, हे गवळ्यालाही दिसते आणि डेअरीवाल्यालाही. हीच सोय नळीऐवजी वेष्टणावर करता आली तर?

तारीख म्हणजे वचन

त्याआधी तारखेबद्दल. कारखानदार आपला माल ठरावीक तापमानात ठेवून तो किती दिवस चांगला राहतो, हे पाहतो आणि त्यावरून तारीख छापतो. म्हणजे ती तारीख एक वचन आहे, आणि त्याला अट जोडलेली आहे: वाटेत आणि घरात माल सांगितल्याप्रमाणे थंड राहिला पाहिजे. कारखान्यातून निघाल्यावर टेम्पो तासभर उन्हात उभा राहिला, दुकानदाराने रात्री फ्रीज बंद केला, घरी वीज गेली, यातले काहीही त्या शाईला कळत नाही. ती आपली तीच तारीख सांगत राहते.

तारखांतही दोन जाती आहेत. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ ही चवीची, प्रतीची तारीख. ती उलटली म्हणून पदार्थ विषारी होत नाही. ‘अमुक तारखेपर्यंतच वापरा’ ही मात्र पाळायची तारीख. दोन्हींत गल्लत केली, की एकीकडे चांगले अन्न फेकले जाते आणि दुसरीकडे वाईट खाल्ले जाते. सुट्या मिठाईला तर आपल्याकडे तारीखच नसे. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात परातीपुढे ‘कधीपर्यंत उत्तम’ ही तारीख लावणे बंधनकारक झाले. आपल्या बाप्पाचे पेढे आणि खव्याचे मोदक घेताना ती पाटी किती जण वाचतात?

आठवण ठेवणारी पट्टी

तारखेला जे कळत नाही, ते कळणारी पट्टी बनवण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात रंगाला आले. तत्त्व आपल्या घरातलेच आहे. ढोकळ्याचे पीठ मे महिन्यात दुपारपर्यंत फसफसून येते. डिसेंबरात त्याला रात्रभर उबेत ठेवावे लागते. पीठ घड्याळ पाहत नाही. किती ऊब किती वेळ मिळाली, याचा हिशेब ते ठेवते. अन्नही त्याच हिशेबाने बिघडते. मग अन्नाच्या गतीनेच बदलणारे एखादे रसायन पट्टीवर लावून डब्याला चिकटवले, तर डब्याने सोसलेली सगळी उष्णता त्या पट्टीत नोंदली जाईल.

स्वीडनमधील माल्मो येथे विकरांवर चालणारी पट्टी तयार झाली. तिच्यात चरबी आणि ती फोडणारे विकर शेजारी शेजारी ठेवलेले असते. पट्टी दाबून दोन्ही एकत्र केली, की चरबीतून आम्ल सुटू लागते आणि हिरवा रंग पिवळा होत जातो. तूप-तेलात खवटपणा येतो, तसाच प्रकार पट्टीच्या पोटात घडवून आणलेला. अमेरिकेत अलाइड केमिकल या कंपनीतील पटेल, प्रेझिओसी आणि बॉघमन या तिघांना १९७६ मध्ये दुसऱ्या एका युक्तीचे पेटंट मिळाले. (पहिले नाव गोर्धनभाई पटेल, ते वाचताना वडोदऱ्याच्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू येणारच.) त्यांनी डायअॅसिटिलीन जातीची रसायने घेतली. त्यांचे बिनरंगी रेणू उष्णतेने हळूहळू एकमेकांना जोडले जातात आणि जोडले गेले, की गडद रंग धरतात. रंग एकदा चढला, की थंड केल्याने उतरत नाही. बिघडलेले अन्न पुन्हा फ्रीजमध्ये ठेवल्याने चांगले होत नाही, तसेच हे.

फ्रान्समधील मोनोप्री दुकानांनी अशा पट्ट्या आपल्या मालावर लावून पाहिल्या. तरीही दुधाच्या पिशवीवर, पनीरवर किंवा श्रीखंडाच्या डब्यावर ही पट्टी अजून आपल्याला दिसत नाही. खर्च हे एक कारण. दुसरे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. तारखेची जबाबदारी दिवस उलटला, की संपते; पट्टी मात्र बोट दाखवते. तारीख शिल्लक असताना पट्टी काळी पडली, तर वाटेत कोणीतरी हयगय केली, हे गिऱ्हाइकाला दुकानातच कळणार. अशी साक्ष विकणाऱ्याला नको असते.

जांभळा चौकोन

ही पट्टी खऱ्या अर्थाने कामाला आली ती जिथे साक्षीवाचून चालणारच नव्हते तिथे, म्हणजे लसीच्या बाटलीवर. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस उष्णतेला फार हळवी. उष्णतेने ती निकामी होते, पण पाहून काही कळत नाही. थेंब तेच, रंग तोच, वास नाहीच. आजींचे नाक इथे हरते. आणि निकामी लस दिली, तर दिल्यासारखी दिसते, मूल मात्र उघडेच राहते.

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि सिएटलची ‘पाथ’ ही संस्था यांच्या प्रयत्नांतून १९९६ पासून पोलिओच्या बाटल्यांवर एक खूण येऊ लागली: जांभळे वर्तुळ आणि त्याच्या आत फिका चौकोन. चौकोनात तेच डायअॅसिटिलीनचे रसायन. बाटलीला जेवढी ऊब लागेल, तेवढा चौकोन गडद होतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल, तर लस द्यायची. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर टाकायची. पोलिओच्या बाटलीवरचा चौकोन ५ अंशांत २२५ दिवस तग धरतो. ३७ अंशांत मात्र दोनच दिवस. प्रेस्कॉट आणि अंडरवूड यांनी मोजलेली उष्णता आणि वेळ यांची जोडी इथे एका नखाएवढ्या खुणेत मावली.

पल्स पोलिओच्या रविवारी आपल्या सोसायटीच्या दारात निळा डबा घेऊन बसलेल्या ताई आठवा. बर्फ वितळला, गाडी अडकली, फ्रीज बंद पडला, तर पूर्वी एकतर शंकेने चांगली लस फेकायची किंवा डोळे मिटून द्यायची. आता त्या बाटली डोळ्यांसमोर धरून स्वतः ठरवू शकत होत्या. त्यासाठी साहेबांना विचारायला नको आणि रसायनशास्त्र शिकायला नको. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. हे श्रेय लाखो माणसांचे आहे, एका चौकोनाचे नाही. पण त्या माणसांच्या हातात त्याने एक अधिकार दिला, हे विसरू नये.

दोन्ही पक्षांना काय सांगायचे?

चौकोनालाही मर्यादा आहे. तो उष्णता मोजतो, जंतू मोजत नाही. म्हणून आता पदार्थातून सुटणारे वायूच ओळखतील अशा पट्ट्यांवर काम चालू आहे. मासळी, कोळंबी शिळी होताना अमोनियासारखे अल्कधर्मी वायू सोडते. त्यांनी रंग बदलावा म्हणून शास्त्रज्ञांनी जी द्रव्ये वापरून पाहिली, त्यात आपली हळद आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे आपण सगळ्यांनी धुण्याच्या दगडावर पाहिले आहे. तीच गोष्ट कोळंबीच्या पाकिटात घडवायची.

अशी पाकिटे येतील तेव्हा येतील. तोवर घरातल्या दोन्ही पक्षांनी एक तडजोड करावी, असे आम्ही सुचवतो. नाक ‘बिघडलं’ म्हणाले, तर तारीख शिल्लक असली, तरी ऐकावे. पण नाक ‘चांगलं आहे’ म्हणाले, तर तेवढ्यावर विसंबू नये. तासन्‌तास कोमट राहिलेल्या भातातले विष वासाला कळत नाही. आणि तारीख वाचताना डब्याने काय सोसले, हे आठवावे. दुपारभर वीज गेली होती, हे आजींनी लक्षात ठेवले होते. म्हणजे त्या घरातली आठवण ठेवणारी पट्टी त्याच होत्या.

श्रीखंडासाठी एवढे पुरे. महाप्रसादासाठी नाही. तिथे शेकडो पाने उठतात, मसालेभात कोणी केला, कधी उतरवला, हे जेवणाऱ्याला ठाऊक नसते आणि वाढणाऱ्यालाही नसते. म्हणून यंदा प्रत्येक पातेल्याला कागदाची एक पट्टी चिकटवावी आणि त्यावर पातेले चुलीवरून उतरवल्याची वेळ ठळक अक्षरांत लिहावी. ती वाढप्यांना दिसेल तशी पंगतीलाही दिसेल, अशा बाजूला लावावी.